दोन्ही याद्यांतलं नाव

२ ऑक्टोबर, सोमवार

प्रकल्पाची अधिकृत नोंदवही वेगळी आहे. ती दर महिन्याला मार्गदर्शकांना दाखवायची असते. तिथे जे लिहिता येणार नाही ते या वहीत लिहीन. रोज लिहिण्याचा विचार नाही.

गेल्या वसंतात आमच्या वसतिगृहातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने आत्महत्या केली. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची, मी पाचव्या. मी तिला ओळखत नव्हते. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या चर्चच्या फादर सावांनी ठरवलं की जी मुलं चर्चला येत नाहीत त्यांच्यापर्यंत आपणच जायचं, आणि ती सापडतात फोनवर. संकेतस्थळ बांधायला कुणीतरी हवं होतं. मला प्रबंधासाठी विषय हवा होता.

संकेतस्थळाचं नाव 'पणती'. तीन भाग आहेत. एका भागात समुपदेशकाशी बोलता येतं. तिथे कोरिनाबाई आणि त्यांनी तयार केलेले चार स्वयंसेवक असतात. दुसऱ्या भागात फादरांना लिहिता येतं. तिसऱ्या भागात प्रार्थनेसाठी नावांची यादी देता येते, वर जिवंत आणि खाली निजलेले, म्हणजे वारलेले. शनिवारी सकाळी ही नावं चर्चमध्ये मोठ्याने वाचली जातात आणि ते वाचन थेट ऐकता येतं.

फादरांनी आज विचारलं, "चर्चला येतेस का?"

"नाताळला. आई इथे आली असेल तर."

"म्हणजे आईला घेऊन येतेस. तेही चांगलंच."

"फादर, माझा यावर फारसा विश्वास नाही. आधीच सांगून ठेवते."

"देवाचं मी बघतो," ते म्हणाले. "मी पासवर्ड विसरलो तर काय, ते तू बघ."

कोरिनाबाई विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्या म्हणाल्या, "हे प्रार्थना म्हणतात, मी झोप आणि औषध म्हणते. आम्ही भांडत नाही, माणसं वाटून घेतो."

माझी एकच अट होती: पाठवणाऱ्याची ओळख चोवीस तासांत पुसली जाईल. प्रत्येक यादीला फक्त क्रमांक आणि एक सांकेतिक शब्द, म्हणजे पुढच्या आठवड्यात तीच यादी परत पाठवता येईल. नाव उघड होईल या भीतीने मुलं येत नाहीत. अट मान्य झाली.

७ ऑक्टोबर, शनिवार

पहिलं वाचन. १८२ नावं. निम्मी फादरांनी वाचली, निम्मी फ्रोसा मावशींनी.

फ्रोसा मावशी तीस वर्षं दारापाशी मेणबत्त्यांचं टेबल सांभाळतात. नावांचे कागद आजवर त्याच घ्यायच्या. कुणी निजलेल्यांत नवं नाव लिहिलेलं दिसलं की मान वर करून विचारायच्या, "घरात कोण गेलं रे?" मागे रांग उभी असली तरी. मला ते खोळंब्याचं आणि थोडं उद्धट वाटत आलं आहे. आता कागद माझ्या प्रिंटरमधून येतो.

"ही इंजिनीअरीण माझ्या पोटावर पाय देतेय," त्या फादरांना म्हणाल्या. मग मला एक गरम कोव्रीग दिला, कड्यासारखा गोल पाव, वर तीळ लावलेला. "खा. तुझ्या यंत्राला नको, तुला."

१९ ऑक्टोबर, गुरुवार

संदेशांमधले धोक्याचे शब्द ओळखणारा भाग पूर्ण. ६१ शब्द आणि वाक्प्रचार आहेत. त्यातला एकही आला की स्वयंसेवकाच्या फोनवर सूचना जाते. दोनशे नमुने तपासले. तीन सुटले, ते दुरुस्त केले.

कोरिनाबाईंनी विचारलं, "याद्यांचं काय?"

"याद्यांत फक्त नावं असतात."

"बरं," त्या म्हणाल्या.

२१ ऑक्टोबर, शनिवार

वाचनानंतर फ्रोसा मावशींनी मला बाहीला धरून थांबवलं. हातात यादी क्रमांक २१४.

जिवंत: परास्किवा, इलिए, दमास्किन. निजलेले: गेरासिम, दमास्किन.

"हा दमास्किन कोण?"

"ठाऊक नाही, मावशी."

"वर जिवंतांत वाचला, खाली निजलेल्यांत. दोन ओळींत मेला का?"

"दोन वेगळे असतील. आजोबांचं नाव नातवाला देतात."

"आजोबा गेरासिम आहे. दिसतंय की."

"मग चुकून लिहिलं असेल."

"चुकून असेल तर विचार त्याला. जित्या माणसाला निजलेल्यांत वाचणं म्हणजे ओढून नेणं. माझ्या टेबलाशी कुणी असा कागद दिला असता ना, तर मी त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं."

"इथे तोंड दिसत नाही, मावशी."

"तेच म्हणते मी."

विचारता येणार नाही, ओळख पुसलेली असते, असं मी समजावलं. त्यांना समजलं नाही किंवा पटलं नाही. चूक पुन्हा वाचली जाणार नाही याची व्यवस्था करते, एवढं कबूल केलं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

व्यवस्था केली. एकाच यादीत एकच नाव दोन्ही भागांत असेल तर ते निजलेल्यांतून गळतं आणि जिवंतांत राहतं. चूक झालीच तर या बाजूला झालेली बरी.

मागच्या तीन आठवड्यांत अशा अकरा याद्या सापडल्या. दहा जणांनी एकदाच चूक केली आहे, बोट घसरल्यासारखी. २१४ ने तिन्ही वेळा तीच केली आहे. तीच चूक तीनदा करणारा माणूस सूचना वाचत नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

आज मृतांचा शनिवार. ९३७ नावं, एकही गोंधळ नाही. चर्चभर कोलिवाचा वास होता. गव्हाच्या त्या गोड प्रसादावर साखरेचे क्रूस काढून बायकांनी ताटं मांडली होती. थेट प्रसारण ४१२ जणांनी ऐकलं. फादरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. विद्यापीठाच्या वार्तापत्राला मुलाखत हवी आहे.

फ्रोसा मावशींना सांगितलं, "बघा, आज एकही माणूस दोन्हीकडे नाही."

"आणि तो पोरगा?"

"कोणता?"

"दमास्किन."

"जिवंतांत आहे. व्यवस्थित."

त्या मेणबत्त्यांची उरलेली टोकं डब्यात टाकत राहिल्या.

१५ नोव्हेंबर, बुधवार

नाताळचा उपास सुरू झाला. मेसमध्ये वाटाणे आणि कोबी. आईचा फोन आला. म्हणाली, "तू त्या मुलांना मदत करतेस म्हणे. मी सगळ्यांना सांगितलं." मी मदत करत नाही, प्रणाली सांभाळते, असं स्पष्ट केलं. आई म्हणाली, "तेच ते."

महिन्याभरात धोक्याच्या सूचना ९. नऊही जणांशी वेळेत बोलणं झालं. दोघांना डॉक्टरकडे नेलं. प्रणाली काम करते आहे.

२७ नोव्हेंबर, सोमवार

तांत्रिक तक्रारींच्या पत्त्यावर आज एक मेल आली. बहुतेक लोक "चालत नाही" एवढंच लिहितात. ही चांगली लिहिलेली होती, म्हणून उतरवून ठेवते.

"नमस्कार. तुमच्या यंत्रणेत एक चूक आहे, ती कळवतो. यादी २१४. दमास्किन हे नाव मी निजलेल्यांत लिहितो. शनिवारच्या प्रसारणात ते तिथे वाचलं जात नाही. पहिले तीन आठवडे वाचलं गेलं होतं. मी दर वेळी शेवटपर्यंत ऐकतो. कृपया बघावं. घाई नाही."

माझं उत्तर:

"नमस्कार. कळवल्याबद्दल आभार. ही चूक नाही. एकच नाव दोन्ही भागांत असल्यास ते जिवंतांत धरलं जातं. व्यक्ती निजलेली असल्यास कृपया जिवंतांच्या भागातून ते नाव काढावं. एक नाव एकाच ठिकाणी असावं. त्यानंतर अडचण येणार नाही. तांत्रिक विभाग."

चार मिनिटं लागली. तक्रार बंद.

२ डिसेंबर, शनिवार

जसं घडलं तसं क्रमाने लिहिते.

मी ध्वनियंत्राशी होते. निजलेल्यांची नावं फ्रोसा मावशी वाचत होत्या. २१४ आली. "गेरासिम" म्हणाल्या आणि थांबल्या. कागद डोळ्यांजवळ नेला. मग कागद खाली ठेवला आणि माइकमध्येच म्हणाल्या, "हे मी वाचणार नाही."

त्या तमाशा करताहेत असं मला वाटलं. साडेतीनशे माणसं ऐकत होती. मी त्यांचा माइक बंद केला.

फादर वेदीमागून बाहेर आले. मावशी पुढे बोलल्या ते फक्त चर्चमधल्या तीस-चाळीस जणांनी ऐकलं.

"फादर, हा पोरगा जिवंत आहे. त्याने आज आपलं नाव वरून खोडलंय. फक्त खाली ठेवलंय."

फादरांनी विचारलं, "आपलं म्हणजे? त्याचं स्वतःचं कशावरून?"

"आई, बाप, मग आपण. यादी लिहिणारा स्वतःला शेवटी लिहितो. तीस वर्षं हेच कागद घेतेय मी." मग माइक बंद आहे हे माहीत नसल्याने त्यातच बोलल्या. "दमास्किन, ऐकतोयस ना रे? मी तुला इथे वाचणार नाही. काय वाट्टेल ते कर. माझ्या टेबलाशी ये, मला तुझं तोंड बघायचंय."

लिहिणारा स्वतःला शेवटी लिहितो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

फादर तसेच, अंगावर पूजेचा झगा असताना, माझ्यापाशी आले. "कुठे राहतो हा?"

"माहीत नाही. ओळख चोवीस तासांत पुसली जाते."

"कोण पुसतं?"

"मी."

संध्याकाळी

कोरिनाबाई एकच्या सुमारास आल्या. त्यांनी विचारलं, याच्याकडून दुसरं काही आलंय का. मला सोमवारची तक्रार आठवली. खरं म्हणजे मावशी थांबल्या त्याच क्षणी आठवली होती. 'कागद खाली ठेवला' हे वर मी शांतपणे लिहिलं आहे. त्या वेळी मी शांत नव्हते.

ती तक्रार कोरिनाबाईंना दाखवली. तिच्यावर त्याचा मेलचा पत्ता आहे, नाव नाही, पण तिथे लिहिता येतं. त्यांनी ती तीनदा वाचली. "घाई नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "अरे देवा, घाई नाही म्हणतोय."

मग विचारलं, "याला कुणी उत्तर दिलं होतं का?"

मी म्हणाले, "पोच आपोआप जाते."

माझं उत्तर मी १२ वाजून १० मिनिटांनी, त्या यायच्या आधी, पाठवलेल्या मेलमधून काढून टाकलं होतं.

३ डिसेंबर, रविवार

कोरिनाबाईंनी काल दुपारी त्याला लिहिलं. पत्र चांगलं होतं. "तुझा आवाज आम्हाला पहिल्यांदाच ऐकू आला आहे," असं त्यात एक वाक्य होतं. मी शेजारी बसले होते आणि ते वाक्य जाऊ दिलं.

उत्तर नाही. पोलिसांना कळवलं. आमच्या विद्यापीठात दमास्किन नावाचा एकही विद्यार्थी कागदोपत्री नाही. फादर म्हणाले, हे त्याचं बाप्तिस्म्याचं नाव असणार, कागदावर दुसरं असेल. यादीत बाप्तिस्म्याचंच लिहायचं असतं. हे मात्र मला माहीत होतं. संकेतस्थळावरची ती सूचना मीच लिहिली आहे.

यादी २१४ चा इतिहास काढला. ओळख नाही, पण वेळा उरल्या आहेत. नियम लागू झाल्यापासून पाच शनिवार त्याचं नाव खालून गळून वर राहिलं. पाचही वेळा त्याने ते परत खाली लिहिलं. आणि पाचही वेळा वरचं तसंच ठेवलं. वरचं नाव गेलं ते २७ नोव्हेंबरला, माझ्या उत्तरानंतर एकोणीस मिनिटांनी.

जेवले नाही. हे सांगण्यासारखं आहे म्हणून नाही, नोंद म्हणून.

४ डिसेंबर, सोमवार

सकाळी आठला कोरिनाबाईंच्या खोलीत गेले. त्या कोट काढत होत्या.

"त्याला उत्तर दिलं होतं," मी म्हणाले. "आपोआप नव्हतं. मी लिहिलं होतं."

"दाखव."

"काढून टाकलं."

त्यांचा एक हात कोटात होता, एक बाहेर. तशाच उभ्या राहिल्या. "शब्द आठवतात?"

"सगळे."

"लिही."

मी लिहून दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"तो दोन्हीकडे होता, स्मरांडा," त्या म्हणाल्या. "दोन महिने दोन्हीकडे होता. याचा अर्थ त्याचं ठरलं नव्हतं. माझ्या कामात याहून चांगली बातमी क्वचित मिळते. आणि आपण त्याला सांगितलं की एक जागा निवड."

"मी नियम सांगितला."

"हो. आणि परवा मी त्याला लिहिलं की आम्ही तुझं पहिल्यांदाच ऐकतोय. हे खोटं आहे हे त्याला ठाऊक आहे. कशाला उत्तर देईल तो?"

"मला वाटलं की..."

"तुला काय वाटलं ते मला ठाऊक आहे. ते आपण नंतर बोलू, आणि बोलूच. आत्ता बस इथे. तू लिहायचंस, मी नाही."

मी पहिल्यांदा लिहिलं ते पत्र एक पानभर होतं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "यात तू सतरा वेळा स्वतःबद्दल लिहिलंयस. माफी मागून घ्यायची घाई झालीय तुला. त्याला आत्ता तुझं ओझं देऊ नकोस."

दुसरं त्यांनी अर्धं केलं. तिसऱ्यात एक वाक्य घालायला लावलं. मी म्हणाले, "असं सरळ विचारायचं? नसेल त्याच्या डोक्यात तर जाईल की."

"विचारल्याने डोक्यात जात नाही. न विचारल्याने माणूस एकटा पडतो. लिही."

शेवटी गेलं ते असं:

"दमास्किन, २७ तारखेचं उत्तर मी लिहिलं. माझं नाव स्मरांडा, यंत्रणा मी सांभाळते. तुझं पत्र मी नीट वाचलं नाही. नाव कुणाचं आहे हे विचारायला हवं होतं. एक नाव एकाच ठिकाणी असावं असं मी लिहिलं ते चूक होतं. तू दोन्हीकडे असू शकतोस. शनिवारी फ्रोसा मावशींचा आवाज मी बंद केला. त्यानंतर त्या म्हणाल्या: 'मी तुला इथे वाचणार नाही. माझ्या टेबलाशी ये, मला तुझं तोंड बघायचंय.' तू जीव द्यायचा विचार करतो आहेस का? करत असशील तर आम्हाला सांग. कोरिनाबाईंचा फोन खाली आहे, तो चालू राहील. मीही इथे आहे. एका शब्दाचं उत्तर चालेल."

११ वाजून ४ मिनिटांनी पाठवलं. दिवसभर काही नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

सकाळी ६:५२ ला उत्तर आलं. फादर, कोरिनाबाई आणि मी रात्रभर केंद्रातच थांबलो होतो.

"हो."

६:५८ ला दुसरं: वसतिगृहाचं नाव, खोली क्रमांक, आणि "दार उघडं ठेवतो."

फादर आणि कोरिनाबाई माझ्यासमोरूनच निघाले. फादरांनी बूट घातले, नाडी बांधली नाही. मी उठले तेव्हा कोरिनाबाई म्हणाल्या, "तू नको." बरोबर होतं.

७:३१. फादरांचा फोन: "बसलोय त्याच्यापाशी. चहा पितोय तो."

१०:१५. विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखल. स्वतःच्या सहीने. आईला बोलावलं आहे, ती दोरोहोइकडच्या एका गावाहून बसने येते आहे.

नंतर मी तो नियम काढला. तीन ओळींचा होता. आता कुणाचंही नाव दोन्ही भागांत आलं, किंवा एका भागातून दुसऱ्यात गेलं, तर कोरिनाबाईंच्या फोनवर कळतं, आणि पाठवणाऱ्याला त्याच क्षणी विचारलं जातं की कुणाशी बोलायचं आहे का. एवढं करायला दुपार झाली. ऑक्टोबरातही दुपारच लागली असती.

७ डिसेंबर, गुरुवार

फादरांना सगळं सांगितलं. उत्तर, माइक, पुसलेली मेल, कोरिनाबाईंशी खोटं बोलणं. ते वेदीजवळचे दिवे पुसत होते. मी क्रमवार सांगितलं, तारखांसह.

"हा कबुलीजबाब आहे की अहवाल?" त्यांनी विचारलं.

"फरक माहीत नाही मला."

"अहवालात पुढे काय करायचं ते शेवटी असतं." त्यांनी कापड घडी करून ठेवलं. "सुरुवातीचे तीन शनिवार, सगळी यादी फ्रोसाच्या हाती जायच्या आधी, त्याला निजलेल्यांत कोणी वाचलं माहीत आहे? मी. दोनदा मी, एकदा तिने. ती थांबली. मी थांबलो नाही. माझं लक्ष पान संपण्याकडे होतं, साडेनऊला तास होता मला."

मला वाटलं ते म्हणतील की जाऊ दे. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी त्याला सांगितलंय माझं. तुझं तू सांग. तो 'तांत्रिक विभागाला' भेटायचं म्हणतोय."

फ्रोसा मावशींशीही बोलले. माइक बंद केल्याचं कळल्यावर त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तुझं तोंड नीट दिसतंय." पुढे काही नाही. कोव्रीगही नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार

रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी अर्धा तास दिला होता. जाण्याआधी कोरिनाबाईंनी बजावलं, "विचारेल तेवढंच सांग. खोटं सांगू नकोस. आणि रडायचं असेल तर बाहेर येऊन रड."

"मी रडत नाही."

"ते मला दिसतंय. तेही बाहेर येऊनच कर."

कागदावर त्याचं नाव वेगळं आहे, पण त्याने दमास्किनच म्हणायला सांगितलं. जलअभियांत्रिकी, तिसरं वर्ष. उंच, स्वेटरच्या बाह्या आखूड झालेल्या. आई बाजूला बसून संत्र्यांचे दोरे काढत होती, एकेक, आणि फोडी कागदावर मांडत होती. मला बघून उठली.

"ही पण डॉक्टर का?"

"नाही, आई. ही संगणकवाली. तू जरा कॉफी पिऊन ये."

"मला नको कॉफी."

"मग न पिता ये."

ती हसली आणि गेली. फोडी माझ्याकडे सरकवून गेली.

"तांत्रिक विभाग म्हणजे तू?" त्याने विचारलं.

"हो. एकटीच."

"मला वाटलं पाच-सहा जण असतील." त्याने आखूड बाह्या खाली ओढल्या. "एक विचारायचं होतं. ते उत्तर लिहिताना तुझ्या मनात काय होतं?"

येताना बसमध्ये मी तीन उत्तरं तयार केली होती. तिन्ही खरी होती आणि तिन्हीत मी थोडी बरी दिसत होते.

"काहीच नव्हतं," मी म्हणाले. "मी सफरचंद खात होते. एक हात चिकट होता, म्हणून दुसऱ्याने टाइप केलं. मग तक्रारीवर 'सुटली' अशी खूण केली."

त्याने माझ्या हातांकडे बघितलं. "म्हणजे तुला कळलं नव्हतं तो मीच आहे."

"नाही."

"फादरांना? त्यांना दाखवलं नव्हतंस?"

"कुणालाच दाखवलं नव्हतं."

"मला वाटलं होतं तुम्हाला कळलंय," तो म्हणाला. "इतक्या शनिवारी कुणीतरी माझं नाव खालून काढतंय, म्हणजे कुणीतरी आहे, असं वाटायचं. बघतंय कुणीतरी. दर वेळी मी लिहायचो आणि दर वेळी ते मला वर ठेवायचे. म्हणून तर मी लिहीत राहिलो. मग वाटलं, बघू, विचारून बघू. आणि ते उत्तर आलं. मला वाटलं, सगळ्यांनी बसून ठरवलं की पुरे झालं आता, आणि सभ्य भाषेत कळवलं. शनिवारी मावशी वाचणार नाही म्हणाल्या आणि आवाज गेला, तेव्हा तर खात्रीच झाली."

"कुणी ठरवलं नव्हतं. तिथे कुणी नव्हतंच. तुला वर ठेवत होता तो माझा एक नियम होता. तीन ओळींचा."

"नियम."

"हो."

"कुणीच नव्हतं."

"नाही."

त्याने श्वास सोडला. बराच वेळ धरून ठेवल्यासारखा. खांदे खाली आले. "म्हणजे मला कुणी जा म्हणालं नव्हतं," तो म्हणाला. "बरं झालं."

हे मी आहे तसं उतरवते, कारण पुढे मला ते मऊ करून आठवावंसं वाटेल. मी पत्र वाचलं नव्हतं, मी तिथे नव्हते, हे ऐकून त्याला बरं वाटलं. त्याच्या समोर बसून माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं. माझे कान तापले होते. त्याने ते पाहिलं आणि नजर संत्र्यांकडे वळवली, मला वेळ मिळावा म्हणून. आजारी तो होता.

"इथे सगळे माझ्याशी जपून बोलतात," तो थोड्या वेळाने म्हणाला. "हळू आवाजात. तू नाही बोलत तशी."

"मला येत नाही."

"परत येशील? गुरुवारी भेटायची वेळ असते."

कोरिनाबाईंना विचारायला हवं, असं म्हणणार होते. ते योग्यही झालं असतं, आणि त्यामागे लपताही आलं असतं.

"किती वाजता?" मी विचारलं.